फ्लॅश लावा, पण घर काळोखात नको

मंडळी, दिवाळी तोंडावर आली आहे. गेल्या महिन्यात आपण ट्रायपॉडची ओळख करून घेतली, तोच आता अंगणात मांडू या. सोबत कपाटातला फ्लॅशही काढा.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांतले अल्बम उघडून बघा. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा फोटो म्हणजे सगळे ओळीत उभे, चेहरे पिठासारखे पांढरे आणि मागे काळंकुट्ट. ओटा, लाकडी खांब, तुळशीवृंदावन, कंदील, पणत्यांची रांग यातलं काहीच नाही. त्यातले कितीतरी वाडे आता राहिलेले नाहीत. आजी कशी दिसायची ते कळतं, पण ती कुठे राहायची ते फोटोत उतरलंच नाही.

यात दोष फ्लॅशचा नाही, एका समजुतीचा आहे. फिल्म कॅमेऱ्याच्या शटरच्या चकतीवर 60 किंवा 125 हा आकडा बहुधा वेगळ्या रंगात असतो, नाहीतर शेजारी ‘एक्स’ लिहिलेलं असतं. फ्लॅश लावला की तोच आकडा ठेवायचा, हे सगळ्यांना पाठ. पण ती फक्त वरची मर्यादा आहे. त्याहून जलद शटर ठेवलं तर पडदा आड येतो आणि फोटोचा एक भाग काळा राहतो. हळू मात्र हवं तितकं चालतं. एक सेकंद ठेवा, दहा ठेवा.

असं केलं की एकाच फ्रेमवर दोन फोटो निघतात. फ्लॅशचा झोत सेकंदाचा साधारण हजारावा भाग टिकतो, अनेकदा त्याहूनही कमी. त्यामुळे शटर कितीही वेळ उघडं ठेवा, चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. तो ठरतो ॲपर्चरवर आणि अंतरावर. मागचं घर मात्र सेकंदांवर उजळतं.

हिशोब सोपा आहे. फ्लॅशचा गाइड नंबर 100 आयएसओला 20 मीटर असेल आणि आजी अडीच मीटरवर बसली असेल, तर 20 भागिले अडीच म्हणजे एफ 8. ॲपर्चर तिथे ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. शटर ‘बी’वर, केबल रिलीज हातात, आणि एकामागून एक 4, 8, 16, 30 सेकंदांच्या चार फ्रेम घ्या. 36 फ्रेमच्या रोलमधल्या चार गेल्या म्हणून हळहळू नका. एवढ्या वेळात फिल्म मंदावते, हेही लक्षात असू द्या. इलफोर्डच्या एचपी5 वर मीटरने 10 सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे 20 द्यावे लागतात. फ्लॅशच्या हिशोबाला याची झळ लागत नाही.

आजीला अंधाऱ्या दारासमोर किंवा गडद भिंतीपुढे बसवा. मागे दिवा असेल आणि ती जरा हलली, तर तो दिवा तिच्या गालातून दिसू लागतो. एरवी भुताटकीची मजा म्हणून ठीक, पण लक्ष्मीपूजनाला नको.

मुलांच्या हाती फुलबाजी द्या आणि हवेत नाव लिहायला सांगा. ग्यॉन मिली या छायाचित्रकाराने 1949 साली फ्रान्समध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी पिकासोचे असेच फोटो काढले होते. अंधाऱ्या खोलीत, शटर उघडं ठेवून, पिकासो छोट्या दिव्याने हवेत चित्रं काढत होता. प्रकाशाची रेघ सावकाश उमटली आणि माणूस फ्लॅशने क्षणात टिपला गेला. आपल्या अंगणात मुलांची अक्षरं कॅमेऱ्याकडून उलटी दिसतील. हौस असेल त्याने उलटं लिहायचा सराव करावा.

बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत शटर उघडताक्षणी फ्लॅश उडतो. भुईचक्राभोवती धावणारा मुलगा मग उलटा धावल्यासारखा दिसतो, कारण उजेडाची रेघ त्याच्या पुढे जाते. उपाय म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावर लावूच नका. हातात धरा, शटर उघडा, मुलाला धावू द्या आणि शेवटी फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबा. रेघ मागे राहते. हातातला फ्लॅश घेऊन दाराआडून ओट्यावर एक झोत, जिन्यावर दुसरा, असंही करता येतं. मला स्वतःला हाच प्रकार सर्वात आवडतो.

रंगीत रोल असेल तर फ्लॅशचा चेहरा पांढराफटक आणि मागचं घर पिवळं येतं. आकाशकंदिलातून उरलेल्या पिवळ्या-नारिंगी जिलेटीन कागदाचा तुकडा फ्लॅशवर चिकटवा आणि फ्लॅश थोडा जवळ आणा, कारण कागद उजेड खातो.

प्रत्येक फ्रेमचे सेकंद वहीत टिपून ठेवा, निगेटिव्हवर ते लिहिलेले नसतात. आणि लॅबवाल्याला प्रिंट रात्रीसारखीच गडद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन काळोखही उजळून राखाडी करून देईल.