भांडायचं तर आकडा घेऊन!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून चक्क वेळेत सुटका. दुसऱ्या दिवशी लोणावळा, गाडीत चार जण, गाण्यांची यादी तयार. आणि बाणेर रोडच्या सिग्नलला गाणं ऐन रंगात आलं, तेव्हा लक्षात आलं, की मागून धडधड येतच नाहीये! पुढचे स्पीकर बिचारे आपलं काम करतायत, पण डिकीतला सबवूफर एकदम गप्प. चहात साखरच नाही म्हटल्यावर कसं वाटतं, अगदी तस्सं.

फ्यूज पाहिला, शाबूत. अॅम्पवरचा दिवाही हिरवा. मग सरळ गाडी नेली ती जिथे सिस्टीम बसवली होती त्या दुकानात. दुकानदार काकांनी डिकी उघडली, वूफरच्या कोनवर हलकेच हात ठेवला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "कॉइल गेलीय साहेब."

अर्ध्या मिनिटात? नुसत्या वासावर? माझ्या डोक्यात लगेच कॅल्क्युलेटर सुरू झाला. आता हे म्हणणार नवीन घ्या, मग म्हणणार अॅम्पही बदलून टाका... आपण आयटीवाले, गळ्यात आयडी कार्ड, म्हणजे यांना गिऱ्हाईक तर आयतंच मिळालं! "बघतो, सांगतो," असं म्हणून मी तिथून सटकलो. घरी येईपर्यंत दुकानदार लुटारू आहे, याबद्दल माझी पक्की खात्री झाली होती.

घरी मामा आलेला होता. मामा टेलिफोन खात्यातून रिटायर झालाय. माझा सगळा तोफखाना त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "भांड की. पण भांडायचं तर आकडा घेऊन भांड." आणि पिशवीतून मल्टिमीटर काढला. (हो, मामा पाहुणा म्हणून आला तरी मल्टिमीटर घेऊन येतो. काही माणसं खडीसाखर आणतात.)

आता ज्यांच्यासाठी हे सगळं ग्रीक आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. वूफरच्या कोनच्या मागे एका नळीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ही व्हॉइस कॉइल. ती चुंबकाच्या फटीत, कुठेही न टेकता, अधांतरी लटकलेली असते. अॅम्पकडून करंट आला की कॉइल पुढे-मागे होते, तिच्याबरोबर कोन हलतो, कोनबरोबर हवा हलते आणि तुमच्या पाठीला धडधड जाणवते. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअर्सनी १९२५ मध्ये जो स्पीकर मांडला, त्याचंच तत्त्व आजही तुमच्या डिकीत आहे. शंभर वर्षं झाली, तरी सगळा खेळ त्या तारेच्या गुंडाळीवरच.

तार म्हटली की तिला रेझिस्टन्स आला, आणि तो ओहममध्ये मोजता येतो. मोजायला लागतो मल्टिमीटर. यातही एक गंमत आहे. हे यंत्र ज्याच्या नावावर आहे तो डोनाल्ड मकॅडी हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर. टेलिफोनच्या लायनी तपासायला प्रत्येक मापासाठी वेगळं यंत्र वागवून तो वैतागला आणि सगळं एकाच डबीत बसवलं. १९२३ मध्ये ते बाजारात आलं. हे सांगताना मामाची छाती जरा फुगली होती. शेवटी टेलिफोनवाल्याचंच पोर ना!

साधा डिजिटल मल्टिमीटर तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला दोन पिझ्झांपेक्षा स्वस्तात मिळतो. आता काम कसं करायचं, ते बघा.

आधी सिस्टीम पूर्ण बंद. अॅम्पकडून वूफरकडे जाणाऱ्या वायरी अॅम्पमधून काढून घ्यायच्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. जोडलेल्या, चालू सर्किटवर ओहम मोजायला गेलात तर आकडा खोटा येतो आणि मीटरचाही जीव जाऊ शकतो. वूफर नुकताच वाजवला असेल तर थोडा वेळ थांबायचं. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के. म्हणजे कॉइल शंभर डिग्रीने तापलेली असेल तर ३.६ चे ५ दिसतील आणि तुम्ही उगाच टेन्शन घ्याल.

मग मीटरचा नॉब ओहमच्या सगळ्यात लहान रेंजवर, म्हणजे २०० वर. दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना टेकवायची. शून्य यायला हवं, पण येतं ०.३ वगैरे. तो प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स. नंतर प्रत्येक मापातून तो वजा करायचा. वूफरचा रेझिस्टन्स इतका कमी असतो, की हे ०.३ इथे चिल्लर नाही.

मी अॅम्पकडच्या टोकांना प्रोब लावले. मीटरवर डाव्या कोपऱ्यात नुसता १. (काही मीटरवर 'ओएल' येतं.) याचा अर्थ एक ओहम नाही हं! अर्थ असा, की रस्ताच बंद आहे, करंट पलीकडे पोचत नाहीये. कॉइल तुटलीय, नाहीतर मधली वायर.

"बघ, वायरच असणार!" मी म्हणालो. आठ स्क्रू काढून वूफर बॉक्समधून बाहेर घेतला. आणि काय सांगू! एक वायर टर्मिनलमधून चक्क निसटून लोंबत होती. मी अक्षरशः नाचलो. "सापडलं! एक वायर निसटलीय आणि हा माणूस म्हणतो कॉइल गेली!" मी वायर परत खोचायला हात पुढे केला, तर मामाने मनगट धरलं. "आधी मोज."

माझा वूफर डबल कॉइलचा आहे. म्हणजे एकाच नळीवर दोन वेगवेगळ्या कॉइल, दोन प्लस, दोन मायनस, चार टर्मिनल. प्रत्येक कॉइल ४ ओहमची, आणि दोन्ही पॅरलल जोडलेल्या, म्हणून अॅम्पला दिसतात २ ओहम. सिरीजमध्ये जोडल्या असत्या तर ८ दिसले असते. असा वूफर असेल तर सगळे जोड काढून दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजायच्या. एकत्र मोजल्या तर एकीचं दुखणं दुसरीच्या आड लपतं.

पहिली कॉइल, जिची वायर निसटली होती ती: ३.९. वजा ०.३. म्हणजे ३.६. एकदम ठणठणीत! ("४ ओहम लिहिलंय, मग ३.६ कसे?" हा प्रश्न मीही विचारला. मीटर मोजतो तो नुसत्या तारेचा रेझिस्टन्स. गाणं वाजताना करंट सारखा उलटसुलट फिरतो आणि त्याला कॉइल आणखी विरोध करते. वूफरवर छापलेला आकडा तो सगळा विरोध धरून दिलेला ढोबळ आकडा. म्हणून ४ ओहमच्या कॉइलला ३ ते ३.८, २ वाल्याला १.४ ते १.९ आणि ८ वाल्याला साडेपाच ते सात आले तर खुशाल पार्टी करा.)

दुसरी कॉइल: डाव्या कोपऱ्यात १.

प्रोब पुन्हा लावले. दाबून लावले. टर्मिनल घासून लावले. १. कॉइल गेली होती. तेव्हा कुठे मला तो वास आला. जळक्या वार्निशसारखा. काकांना अर्ध्या मिनिटात आला होता तोच.

पण मग ती निसटलेली वायर? ती कधी निसटली? मामाने विचारलं, "आवाज एकदम गेला, की आधी कमी झाला होता?" आणि माझी ट्यूब पेटली. तीन महिन्यांपूर्वी ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलो होतो. खड्डेच खड्डे. तिथून आल्यावर धडधड जरा मिळमिळीत वाटायला लागली होती. वायर तेव्हाच निसटली असणार. वूफर एकाच कॉइलवर चालला होता. मी काय केलं? डिकी उघडून वायर पाहिली? छे! अॅम्पचा गेन वाढवला. थोडा. मग आणखी थोडा.

आम्ही डिकीत टॉर्च मारला. सिस्टीम बसवताना काकांनी गेनच्या नॉबशेजारी पांढऱ्या मार्करने बारीक खूण करून दिली होती आणि बजावलं होतं, "साहेब, याच्या पुढे नेऊ नका." नॉब त्या खुणेच्या कितीतरी पुढे होता. तो काकांनी फिरवला नव्हता. आमच्या गाडीला मी सोडून कोणी हात लावत नाही.

दोस्तांनो, हे एक कायमचं लक्षात ठेवा. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल अॅम्पच्या ताकदीशी जुळवण्यासाठी तो असतो. तो फार वर नेला, की अॅम्पला झेपत नाही आणि आवाजाच्या लाटांचे शेंडे कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. आपल्याला वाटतं आवाज वाढला, पण कॉइलला मिळते जास्तीची उष्णता, आणि तारेवरचं वार्निश जळायला लागतं. माझ्या केसमध्ये दोघींचं काम एकटीच्या गळ्यात पडलेलं, आणि वर माझा चाबूक. (ऑफिसात एकाने रिझाइन केल्यावर उरलेल्याचं काय होतं, ते आठवा.) शेवटी तीही गेली.

आणि मामाने हात धरला नसता तर? मी वायर खोचली असती. चांगल्या कॉइलवर वूफर वाजलाही असता, मिळमिळीत. मी दुकानात जाऊन काकांना चार लोकांत खोटं पाडलं असतं. मग परत गेन वाढवला असता. पंधरा दिवसांत उरलेलीही कॉइल गेली असती आणि मी पुन्हा म्हणालो असतो, दुकानदारच लुटारू!

शनिवारी लोणावळ्याच्या आधी दुकानात गेलो. वूफर हातात, मान खाली. म्हटलं, "काका, कॉइलच गेलीय. मोजली." त्यांनी वूफर उलटा केला, कोनवर दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन हळूच खाली-वर केला. खर्र आवाज आला. "ही फुगलीय. चांगली कॉइलही याच नळीवर आहे, आता तीपण घासणार. एकीवर चालवू नका." मग म्हणाले, "नवीन कशाला घेता? चुंबक आणि सांगाडा चांगलाय. कॉइल आणि कोन बदलून घेऊ. नव्याच्या निम्म्यातही बसणार नाही."

काल मी पूर्ण ऐकून घेतलं असतं, तर हे कालच कळलं असतं. नवीन घ्या, हे वाक्य त्यांनी म्हटलंच नव्हतं. ते माझ्या डोक्यातलं होतं.

लोणावळ्याला वूफरशिवाय गेलो. धडधड नव्हती, त्यामुळे मागे बसलेल्यांच्या गप्पा पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आल्या. बऱ्याचशा माझ्याबद्दलच होत्या, ते सोडा.

कात्रण काढून डॅशबोर्डमध्ये ठेवण्यासाठी:

० छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी, स्थिर माप: कॉइलचा रस्ता शाबूत.

० डाव्या कोपऱ्यात १ किंवा ओएल: कुठेतरी तुटलंय. आधी वायर आणि टर्मिनल तपासा, मग थेट कॉइलवर मोजा.

० शून्याच्या आसपास, किंवा हवं त्यापेक्षा खूप कमी: कॉइल आतल्या आत शॉर्ट. असा वूफर अॅम्पला अजिबात जोडू नका, तोही जाईल.

० डबल कॉइल: दोन्हींची मापं जवळपास सारखी हवीत. एका कॉइलपासून दुसरीपर्यंत, किंवा कॉइलपासून लोखंडी सांगाड्यापर्यंत मात्र ओएलच यायला हवं.

० मोजताना कोन हलवू नका. कॉइल चुंबकात हलली की स्वतःच थोडी वीज तयार करते आणि आकडा नाचतो. पण कोन एका ठरावीक जागी आला की दर वेळी ओएल येत असेल, तर कोनला जोडलेली लवचीक तार तुटायला आलीय.

० माप बरोबर, तरी कोन दाबल्यावर खर्र आवाज: कॉइल घासतेय. हे मीटर सांगत नाही, हात सांगतो.

आणि शेवटचं. मीटर मामाने माझ्याकडेच ठेवलाय. जाताना म्हणाला, "दुसऱ्यावर संशय आला की आधी हा काढ. बहुतेक वेळा आपल्याच घरचा आकडा सापडतो." काकांनी नव्या कॉइलबरोबर गेनवर नवीन खूण करून दिलीय. या वेळी मार्कर माझ्याच हातात दिला होता.