पेटंट आणि आपला दवाखाना

चिंचवडच्या बैठकीत मी पेटंटचा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, आधी दवाखान्याचं बोला." मी दवाखान्याचंच बोलत होते.

अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, लाजेपायी कुणी सांगत नाही. बुरशीमुळे होणाऱ्या या त्रासावरचं हॅमायसिन आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं. १९५४ साली उभा राहिलेला हा सरकारी कारखाना पुढे डबघाईला आला. त्याचं सगळं खापर पेटंटवर फोडता येणार नाही. पण देशात स्वस्त औषधं बनू लागली त्यात १९७०च्या पेटंट कायद्याचा मोठा वाटा. त्यात औषधावर मक्तेदारी नव्हती, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होती. डंकेल प्रस्तावाच्या वाटेने जाऊन २००५मध्ये आपण ते घालवलं. औषधावरच वीस वर्षांची मक्तेदारी आली.

आता म्हणतात, शेजारी देशांची बाजारपेठ एक करायची तर कायदेही एकसारखे हवेत. एकसारखे म्हणजे कुणासारखे? आसियान आणि आसपासच्या देशांच्या आरसेप कराराचा मसुदा २०१५मध्ये फुटला. जपान आणि दक्षिण कोरियाला पेटंटची मुदत वीस वर्षांपुढे वाढवून हवी होती! भारत २०१९मध्ये बाहेर पडला, तो मुख्यतः स्वस्त आयातीच्या धास्तीने. आपल्या औषधांच्या काळजीने नव्हे. तेव्हा हा घाला पुन्हा दुसऱ्या करारातून येईल.

चाकणला कंत्राटावरच्या बाईचं काम सुटलं की काही महिन्यांत ईएसआयही सुटतं. मग औषध दुकानातून. घरात आधी नवऱ्याचं, मग मुलांचं, उरलं तर तिचं.

आपण काय करणार, असं म्हणू नका. क्षयाच्या जुन्या औषधांनी ऐकू येणं गेलेल्या दोघीजणी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, यांनी २०१९मध्ये आपल्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी २०२७पर्यंत लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३मध्ये फेटाळला गेला. पेटंट मिळण्याआधीच हरकत घेण्याची सोय आपल्या कायद्यात आहे म्हणून हे झालं. २०२४मध्ये सरकारने याच हरकतीला फी लावली. ती रद्द करा, ही मागणी ८ मार्चच्या आपल्या पत्रकात यायला हवी. मजकूर मी लिहून आणते.