उखाण्याशिवाय नाव

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पाचवीच्या वर्गाला दरवर्षी 'माझे आजोबा' हा निबंध असतो. वह्यांचा गठ्ठा घरी आणून तपासायला बसले, की दरवर्षी तेच वाचायला मिळतं. माझे आजोबा प्रेमळ आहेत, ते मला गोष्टी सांगतात, मला ते खूप आवडतात. चूक एकही नाही, पण आजोबा मात्र कुठे दिसत नाहीत!

पण मुलांना हसायचा मला तरी काय अधिकार? गेल्या वर्षी माझे सासरे गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण 'फार सरळ माणूस' म्हणायचा आणि आम्ही मान डोलवायचो. ते एस.टी.त कंडक्टर होते. आठवड्यातल्या तीन-चार रात्री मुक्कामाच्या गाडीवर, कुठल्या तरी आडगावी. त्यामुळे आमच्या ह्यांच्या आठवणीतले दादा म्हणजे खुंटीवरचा खाकी शर्ट आणि 'आवाज करू नका, दादा झोपलेत' ही आईंची दटावणी. माझ्या लेकीचे आजोबा अगदी निराळे. ते पाट मांडून बस करायचे, कागदाची तिकिटं फाडायचे आणि तिकीट काढल्याशिवाय आजीलासुद्धा बसू द्यायचे नाहीत!

ह्या दोघांनाही ओळखणारं माणूस घरातच होतं. त्यांना मात्र आम्ही कधी काही विचारलंच नाही.

पेन्शनच्या कामासाठी मी सासूबाईंना कचेरीत घेऊन गेले. (जाता जाता सांगते, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, दाखल्याच्या चार-सहा प्रती काढून ठेवाव्यात आणि आधार कार्डावरचं नि पासबुकावरचं नाव एकसारखं आहे ना, तेही बघावं. अशा वेळी हे कोणाला सुचत नाही.) खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "मिस्टरांचं नाव?" आई गप्प. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बावन्न वर्षांत पहिल्यांदा उखाण्याशिवाय नाव घेतलं गं. आणि तेही कशासाठी, तर फॉर्मसाठी!"

त्या रात्री भांडी तशीच ठेवून मी त्यांच्याजवळ बसले. "दादांच्या आठवणी सांगा ना," म्हटलं. "काय सांगायचं? चांगले होते," म्हणाल्या. अगदी पाचवीचा निबंध! मग मी विचारलं, "तुमच्या हातची पहिली भाकरी त्यांनी कधी खाल्ली?" आणि आई बोलायला लागल्या.

लग्न १९७२ सालचं, दुष्काळातलं. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. त्या पिठाला चिकटपणा नसायचा, भाकरी तव्यावर टाकता टाकताच तुटायची. नवी नवरी चुलीपुढे रडत बसलेली. सासरे आले, तव्यातले तुकडे ताटात घेतले आणि म्हणाले, "खाताना मोडायचीच होती की. तेवढं माझं काम वाचलं!"

आणखी एक निघालं. मुक्कामाची पाळी नसली, की रात्री उशिरा घरी यायचे. जेवायच्या आधी निजलेल्या मुलांची दप्तरं उघडायचे आणि ब्लेडनं पेन्सिलींना टोक काढून ठेवायचे. आमचे हे दारात उभं राहून ऐकत होते. "मला वाटायचं, तू करायचीस," एवढंच आईला म्हणाले आणि आत निघून गेले.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं पुस्तक तुमच्यापैकी कितीजणींनी तरी वाचलं असेल. न्यायमूर्ती १९०१ सालीच गेले होते. त्यांची विद्वत्ता जगाला ठाऊक होती. पण बायकोला हौसेनं शिकवणारे, घरातले रानडे आपल्याला भेटले ते रमाबाईंनी लिहिलं म्हणून.

आपल्या घरी पुस्तक नको, एक दोनशे पानी वही पुरे. 'आठवणी सांगा' असं मात्र म्हणू नका. पहिला पगार किती होता, कोणाकडून काय उसनं आणलं, कशावरून भांडण झालं, असं विचारा. साल चुकलं तर मध्येच टोकू नका. आणि घरातला कर्ता माणूस समोर बसलेला असेल, तर त्यालाही आजच विचारा. आम्हाला मात्र उशीर झाला.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत बसल्या होत्या. मी हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि नाव घ्यायचा आग्रह केला. "आता काय शोभतं का?" म्हणून लाजल्या, पण घेतलं. यमक काही जुळलं नाही, सगळ्याजणी हसल्या, त्याही हसल्या. माझी लेक तेवढी टाळी वाजवत म्हणाली, "आजी, परत एकदा घे ना!"