कसताना तुटला की सोडवताना?

सोयाबीनची रास सुरू असताना जळकोट तालुक्यातला एखादा ट्रॅक्टर गॅरेजात अडकून पडला, की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आभाळ भरून आलेले, मळणीयंत्र खळ्यावर उभे, मजूर बसून. अशा वेळी मिस्त्रीच्या हातात सायलेन्सरच्या किंवा वॉटर पंपाच्या बोल्टचे डोके येते आणि उरलेला तुकडा इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतो. अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते. त्यातही घाई केली, तर आख्खा ब्लॉक निकामी होण्याची वेळ येते. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते, म्हणून या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

तुटलेल्या बोल्टवर हत्यार चालवण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: तो कसताना तुटला की सोडवताना? कसताना तुटलेला बोल्ट आट्यांत बहुधा मोकळाच असतो. डोके उडाले की त्याच्यावरचा ताण संपतो. कडेला बारीक छिन्नी तिरपी धरून हलके ठोके दिले, तरी तो उलटा फिरत वर येतो. सोडवताना तुटलेल्या बोल्टचे तसे नसते. त्याचे आटे गंजाने ब्लॉकला घट्ट धरलेले असतात. ते सुटले नाहीत म्हणूनच तो मधून तुटला.

नेमक्या या दुसऱ्या प्रकारात मिस्त्री इझी-आउट काढतो, आणि सर्वांत महागडी चूक इथेच होते. बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचे हे निमुळते हत्यार बसवायचे आणि फिरवायचे, अशी ती रीत. पण जरा विचार करा. दहा मिलिमीटरचा बोल्ट ज्या जोराने तुटला, तेवढा जोर आता पाच मिलिमीटरच्या भोकात बसलेल्या हत्याराने सोसायचा आहे. शिवाय ते निमुळते असल्याने आत जाताना बोल्टच्या भिंती बाहेर दाबते आणि बोल्ट आणखी आवळतो. इझी-आउट आत तुटले, तर ते इतके कडक पोलाद असते की साधे ड्रिल त्यावर चालतच नाही. मग उरते ते स्पार्क मशीन. विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणाने झिजवण्याची ही पद्धत 1943 मध्ये सोव्हिएत संघातल्या बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या दांपत्याने शोधली. आज ती यंत्रे साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये असतात, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या औद्योगिक वसाहतींत. ब्लॉक उतरवून तिकडे न्यायचा, म्हणजे त्या शेतकऱ्याचा हंगाम गेला.

गंजलेल्या बोल्टला आधी वेळ द्यावा लागतो. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. दुसऱ्या दिवशी तेल पुसून, डिझेलची नळी दूर करून, बोल्टच्या भोवतीचा भाग गॅसने तापवावा. तापण्या-निवण्याने गंजाची पकड तडकते. बोल्टचा तुकडा थोडा वर असेल, तर त्यावर नट ठेवून नटच्या आतून वेल्डिंग करावे. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सैल होतो. बॅटरीची वायर आधी काढायला विसरू नये. अॅल्युमिनियमच्या हेडवर हा उपाय विशेष चांगला, कारण लोखंडाचे वेल्डिंग अॅल्युमिनियमला चिकटत नाही. बिडाच्या ब्लॉकवर मात्र जपून. नट फिरवताना थोडा उलटा, थोडा सुलटा असा फिरवत न्यावा.

एवढे करूनही बोल्ट निघाला नाही, तरच ड्रिल. आणि ड्रिलचे सगळे यश पहिल्या खुणेवर असते. तुटलेले तोंड ओबडधोबड असते, ते आधी कानशीने सपाट करावे. मग बरोबर मध्यावर सेंटर पंचाची खूण. खूण एक मिलिमीटर जरी सरकली, तरी ड्रिल बोल्ट सोडून ब्लॉकच्या आट्यांत शिरते. आधी तीन मिलिमीटरचे भोक, कमी वेगाने, तेल घालत. मग हळूहळू मोठे. दीडच्या पिचचा दहाचा बोल्ट असेल, तर साडेआठपर्यंत भोक बरोबर मध्यातून गेले की उरते ती आट्यांची पातळ गुंडाळी. ती सुईने ओढून काढता येते आणि मूळ आटे शाबूत राहतात. किती खोल जायचे याचीही खूण ड्रिलवर करावी, कारण काही भोकांच्या मागे पाण्याची पोकळी असते.

मुळात बोल्ट तुटतोच कशाला? साध्या आठच्या बोल्टला साधारण पंचवीस न्यूटन-मीटर कस पुरतो. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्यावर दहा किलोचा जोर दिला की तेवढा होतो. त्याच पान्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली, की तोच हात पन्नास देतो, आणि हा बोल्ट त्याच्या आतच तुटतो. ज्या गॅरेजात इंजिन उघडले जाते, तिथे टॉर्क रेंच नसणे आता खपवून घेऊ नये. आंधळ्या भोकात तेल किंवा पाणी साचले असेल, तर ते काढल्याशिवाय बोल्ट कसू नये. दाबाने बीड तडकते. आपल्या भागातले आणखी एक कारण म्हणजे बोअरचे पाणी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात हाताला येईल ते क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये जाते. त्याने वॉटर पंपाचे आणि थर्मोस्टॅटचे बोल्ट आतून गंजतात. कूलंटचा खर्च ब्लॉकपुढे काहीच नाही.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये डिझेल आणि मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना हे काम भंगारातल्या ब्लॉकवर हाताने करू द्यावे: मुद्दाम बोल्ट तोडावा आणि काढायला लावावा. गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरवर पहिला धडा गिरवणे कुणालाच परवडणारे नाही. ट्रॅक्टर मालकांनाही एक विनंती आहे. बोल्ट तुटल्यावर मिस्त्री म्हणाला, ‘मालक, आज ठेवून जा, उद्या काढू,’ तर त्याच्या डोक्यावर उभे राहू नका. त्याला ती रात्र द्या आणि त्या थांबण्याची मजुरीही द्या.