समुद्राचा वाटा

नंदुरबार जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तेव्हा समुद्रातील जीवसृष्टीशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा खंबातच्या आखातास मिळते, आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील पाणी तिच्याबरोबर तिकडे निघते. ते तेथवर पोहोचते किती, हा खरा प्रश्न आहे.

हिलसा मासा राहतो समुद्रात. पण अंडी घालण्यास पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्यात चढून येतो. भरूचच्या मच्छीमारांचे संसार पिढ्यान्‌पिढ्या या फेरीवर चालले. वरून गोडे पाणी आले नाही, की भरतीचे खारे पाणी नदीत आत शिरते आणि माशाची वाट खुंटते. नदीचा पोषक गाळही धरणाआड अडून राहतो. सरदार सरोवर झाल्यापासून हिलसा घटल्याची या मच्छीमारांची तक्रार आहे. त्यात 2017 साली भाडभूत येथे, नदीच्या मुखाजवळच, आणखी एका बंधाऱ्याची पायाभरणी झाली.

नर्मदा जलविवाद लवादाने 1979 साली 280 लाख एकर-फूट पाणी वाटून दिले : मध्य प्रदेशास 182.5 लाख, गुजरातेस 90 लाख, राजस्थानास 5 लाख आणि महाराष्ट्रास 2.5 लाख. बेरीज बरोबर जुळली. तीत समुद्राच्या नावे थेंबही नव्हता. समुद्रास मिळालेले पाणी वाया गेले, असाच तेव्हाचा समज होता. पुढे धरणाखाली 600 क्युसेक सोडण्याचे ठरले. एवढ्या महानदीच्या मुखास ते कसे पुरावे?

हे वाटप 45 वर्षांनंतर पुन्हा तपासता येईल, अशी तरतूद निवाड्यातच आहे, आणि ती मुदत डिसेंबर 2024 मध्ये पूर्ण झाली. कालव्याखालील शेतकऱ्यास पाणी हवे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे, आणि नदीपात्रातील 1200 मेगावॅटच्या वीजगृहातून गेलेले पाणी नदीतच उतरते. म्हणजे येथे आपला स्वार्थ आणि समुद्राचे हित परस्परविरोधी नाहीत.

म्हणून महाराष्ट्र शासनाने फेरविचाराची मागणी करावी आणि नदीमुखासाठी ऋतुमानानुसार निश्चित पाणी लेखी मागून घ्यावे. या धरणापायी ज्या जिल्ह्यातील 33 गावांना बुडिताची झळ लागली, त्याच्या प्रतिनिधींनीच हा प्रश्न विधानसभेत प्रथम मांडावा. तो अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाचा आहे?