अंदाजपत्रकाचें वर्ष आणि शेताचें वर्ष

सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून असावें कीं पावसाळ्यानंतर सुरू व्हावें, हा वाद आपल्या देशांत शंभर वर्षांहून जुना आहे. पण तो प्रायः मुंबई-दिल्लीच्या विद्वानांतच चालत आला. शेतकऱ्यानें त्यांत लक्ष घालण्याचें कारण नाहीं, अशी समजूत आहे. आमचें मत याच्या उलट आहे. बांधबंदिस्ती, शेततळें, पाणंद रस्ता अगर बंधारा या रूपानें सरकारचा जो पैसा शिवारांत येतो, त्याचें बरेंवाईट या वर्षाच्या मांडणीवर फार अवलंबून आहे.

१ एप्रिल ते ३१ मार्च हें वर्ष आपल्या पावसाकडे पाहून ठरलेलें नाहीं. १८६७ पूर्वीं हिंदुस्थान सरकारचें वर्ष १ मे रोजीं सुरू होत असे. विलायतेच्या हिशेबाशीं मेळ बसावा म्हणून तें बदललें. पुढें १९१४ सालीं चेंबरलेन कमिशननें आणि १९८५ सालीं ल. क. झा यांच्या समितीनें वर्षारंभ पावसाळ्यानंतर न्यावा, अशी शिफारस केली. कारण पाऊस कसा झाला हें कळल्यावांचून जमाखर्चाचा अंदाज बांधणें म्हणजे न पाहिलेल्या पिकाचा सौदा करणें होय. त्या दोन्ही शिफारशी दप्तरांतच राहिल्या.

खर्चाची बाजू मात्र तालुक्याच्या कचेरींत बसणारासच अधिक दिसते. महसूल खात्यांत हयात घालविल्यामुळें एक मौज आम्ही नित्य पाहत असूं. जमीनमहसुलाच्या हिशेबाचें वर्ष महाराष्ट्रांत १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. म्हणजे पीक उभें राहून, पाहणी होऊन, माल घरीं येईपर्यंतचा काळ त्यांत अखंड बसतो. (वसुलीचा तगादा मार्चअखेरीसच लागतो, ही गोष्ट वेगळी.) शेतकऱ्याकडून घेण्याचा हिशेब शेताच्या वर्षानें आणि त्याला देण्याचा हिशेब विलायतेच्या वर्षानें, अशीं दोन पंचांगें एकाच इमारतींत नांदतात.

आतां बांधबंदिस्तीचें एक काम घ्या. राज्याचें अंदाजपत्रक साधारणतः मार्चांत मांडलें जातें. त्यानंतर तरतूद खात्याकडे, तेथून जिल्ह्याकडे व जिल्ह्याहून तालुक्याकडे हप्त्याहप्त्यानें उतरते. हल्लीं ही वाटणी ‘बीम्स’ नांवाच्या संगणक-प्रणालींतून होते व कागदाची फिराफीर पुष्कळ वांचली आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण वाटपाचा निर्णयच उशिरां झाला तर यंत्र काय करणार? रब्बी निघून शेत मोकळें होतें तें मार्चांत. एप्रिल व मे हे मातीकामाचे खरे महिने. नेमकें त्याच वेळीं जुनें अनुदान संपलेलें असतें आणि नवें आलेलें नसतें. मृग लागला कीं काम बंद. पावसाळ्यानंतर कामाचे अंदाज, तांत्रिक मंजुरी, निविदा यांत दिवाळी उलटते. पौष-माघांत पैसा येतो, तेव्हां शेतांत ज्वारी-हरभरा उभा. पिकांतून यंत्र घालूं देण्यास कोण राजी होईल? मग ३१ मार्च दारांत येऊन उभा राहतो, कारण न खर्चिलेली रक्कम व्यपगत होते आणि पुढील वर्षीं “तुम्हांस पैसा नकोच होता” असें ऐकावें लागतें. त्या रात्रीं कोषागाराच्या दारांत बिलांचे गठ्ठे घेऊन तिष्ठणारे कारकून आम्हीं वर्षानुवर्षें पाहिले आहेत. घाईंत टाकलेल्या मातीवर पाणी पडत नाहीं, धुमस बसत नाहीं; पहिल्या मोठ्या पावसांत बांध फुटतो, बिल मात्र पुरें झालेलें असतें.

या मार्चअखेरच्या धांवपळीची सरकारला जाणीव नाहीं असें नाहीं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत अखेरच्या महिन्यांतील खर्चाची गर्दी हा आर्थिक शिस्तीचा भंग मानला आहे. त्याच वर्षीं केंद्राचें अंदाजपत्रक १ फेब्रुवारीस आणलें गेलें, तें याचसाठीं कीं १ एप्रिलला पैसा हातीं असावा. ही सुधारणा आम्हांस मोठमोठ्या घोषणांपेक्षां मोलाची वाटते.

तर मग वर्षच बदलावें काय? येथें शेजारच्या नेपाळकडे पाहावें. त्या देशाचें आर्थिक वर्ष श्रावणांत सुरू होऊन आषाढांत संपतें. अंदाजपत्रक वेळेवर यावें म्हणून २०१५ च्या राज्यघटनेंत तें ज्येष्ठाच्या १५ तारखेस मांडण्याचें बंधन घातलें. तरीही बांधकामाचा खर्च वर्षअखेरीस तुंबून भर पावसांत रस्ते उकरले जातात, आणि लोक त्याला ‘असारे विकास’ म्हणून हिणवितात. तारीख हलविली कीं गर्दीही तिच्यामागें हलते.

म्हणून आमचें मागणें वर्ष बदलण्याचें नसून हंगाम न तोडण्याचें आहे. जमीन खणतां येत नाहीं त्या श्रावण-भाद्रपदांत अंदाज व मंजुऱ्या पुऱ्या व्हाव्या, दसऱ्यापर्यंत वाटपाचें पत्र तालुक्यास मिळावें, आणि जें काम सुरू होऊन माप-पुस्तिकेंत चढलें आहे त्याची शिल्लक ३१ मार्चला न बुडतां जूनपर्यंत वापरतां यावी. जिल्हा परिषदेस सरकारी निधि खर्चण्यास दोन वर्षांची मुदत असते. मग कृषि व जलसंधारण खात्यांच्या कामांस तीन महिन्यांची कां नसावी? मुदत दिली कीं पैसा बँकेंत अडकवून ठेवण्याची खोड वाढते, हा आक्षेप पोकळ नाहीं. महालेखापरीक्षकांनीं त्यावर वारंवार ताशेरे मारले आहेत. परंतु आमची सवलत खात्याच्या एकूण रकमेस नसून एकेका कामास आहे, आणि त्या कामाची मंजूर रक्कम, मिळाल्याची तारीख व झालेलें माप हीं चावडीवर फळ्यावर लावलीं, तर अडकलेला पैसा गांवासच प्रथम दिसेल.

हें मुंबईस ठरेपर्यंत शेतकरी बंधूंनीं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत एवढें विचारावें : आपल्या गांवासाठीं यंदा कोणकोणतीं मातीकामें मंजूर आहेत, वाटपाचें पत्र कोणत्या तारखेस आलें, आणि आलें नसल्यास तें कोणत्या टेबलावर आहे? उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं दहा रुपयांचा कोर्ट-फी स्टॅम्प लावून तालुक्याच्या कचेरींत अर्ज द्यावा, आणि तो दिवाळीपूर्वीं द्यावा.