इंजेक्शन किती वाजता दिले?

दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही फिट थांबत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेच्या विचारासाठी पाठवलेल्या रुग्णाची फाइल उघडावी. त्यात एमआरआय असतो, ईईजी असतो आणि अलीकडे बऱ्याचदा इक्टल स्पेक्टचा रिपोर्टही असतो. ‘उजव्या टेंपोरल लोबमध्ये रक्तप्रवाह वाढलेला आढळतो’ हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत असते. फिट किती वाजता सुरू झाली, इंजेक्शन केव्हा दिले, फिट केव्हा संपली, यांचा मात्र रिपोर्टमध्ये पत्ता नसतो. अशा रिपोर्टवर विसंबून शस्त्रक्रियेची बाजू ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे या अंकात सविस्तर मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

टेक्निशियम-99एम जोडलेले एचएमपीएओ किंवा ईसीडी शिरेतून दिले की मेंदूतून पहिल्याच फेरीत जाताना त्याचा मोठा भाग तिथे शिरतो आणि मिनिट-दोन मिनिटांत पेशींमध्ये अडकून बसतो. त्या क्षणी ज्या भागात रक्त जास्त, तिथे ते जास्त साचते. पुढे ते फारसे हलत नाही. टेक्निशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असल्याने रुग्ण शांत झाल्यावर, दोन-तीन तासांनी, त्याला कॅमेऱ्याखाली नेले तरी चालते. चित्र मिळते ते इंजेक्शनच्या वेळचेच. फिट चालू असलेल्या माणसाला यंत्रात झोपवणे अशक्य, म्हणून ही सोय अमोल आहे. पण हातातून दिलेले औषध मेंदूपर्यंत पोचायला वीस-तीस सेकंद घेते आणि तिथे स्थिरावायला आणखी काही. म्हणजे फिट सुरू होताक्षणी इंजेक्शन दिले तरी चित्र त्यानंतरच्या अर्ध्या-एक मिनिटाचे येणार. तोवर विद्युत वादळ मूळ जागेवरून शेजारी, कधी पलीकडच्या गोलार्धातही गेलेले असते.

हा उशीर किती महागात पडतो, ते मेलबर्नच्या ऑस्टिन हॉस्पिटलमधील बर्कोविक, न्यूटन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले. टेंपोरल लोबच्या फिटमध्ये आधी संपूर्ण लोबचा रक्तप्रवाह वाढतो. फिट संपताच आतल्या बाजूला वाढ टिकून राहते आणि बाहेरच्या बाजूला प्रवाह घटू लागतो. आणखी काही मिनिटांनी सारा लोबच निळा पडतो. जागा तीच, रुग्ण तोच, आणि पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे एकमेकांच्या उलट. अशा वेळी विरुद्ध बाजूचा लोब तुलनेने लाल दिसतो आणि वेळेची नोंद नसलेला वाचक सरळ त्याच्यावर बोट ठेवतो. 1998 मध्ये डेव्हस आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. टेंपोरल लोबच्या अपस्मारात स्पेक्टची संवेदनशीलता दोन फिटच्या मधल्या काळात 44 टक्के, फिटनंतर लगेच 75 टक्के आणि फिट चालू असताना 97 टक्के, असे त्यांना आढळले. तपासणीचे नाव तिन्ही वेळा एकच. फ्रंटल लोबच्या फिट तर कित्येकदा वीस-तीस सेकंदांत आटोपतात आणि भराभर पसरतात. तिथे पंचेचाळिसाव्या सेकंदाला दिलेले इंजेक्शन म्हणजे फिटनंतरचे इंजेक्शन.

रक्तप्रवाहावरून चेतापेशींच्या कामाचा अंदाज बांधायचा, ही कल्पना जुनी आहे. रॉय आणि शेरिंग्टन यांनी 1890 मध्ये मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तिकडे रक्त वाढते, अशी मांडणी केली. अपस्मारात मात्र कितीतरी वर्षे उलट समज होता: रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यामुळे फिट येते. माँट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघड्या मेंदूकडे बघत या आकसण्याचा शोध घेतला. 1939 मध्ये फॉन सांता आणि सिप्रियानी यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत फिटच्या जागी प्रवाह वाढलेला निघाला. (माँट्रिअललाच शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी 1949 मध्ये वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. आपल्याकडच्या अपस्मार शस्त्रक्रियेची मुळे तिथवर जातात.) आजचा स्पेक्ट काय किंवा ऑक्सिजनच्या पातळीवर चालणारा एफएमआरआय काय, दोन्ही याच पायावर उभे आहेत.

हा पाया निरोगी मेंदूत भक्कम आहे, अपस्मारात तितका नाही. नेहमीच्या कामात गरजेपेक्षा जास्त रक्त येते, ऑक्सिजन उरतो आणि एफएमआरआयला त्याच शिलकीचा संकेत दिसतो. फिटमध्ये पेशी इतक्या वेगाने ऑक्सिजन संपवतात की रक्त वाढूनही सुरुवातीला तुटवडा पडतो. न्यूयॉर्कच्या श्वार्ट्झ आणि सुह यांनी प्राण्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर प्रकाशाच्या साहाय्याने ही घट टिपली. फिट संपल्यावर तर चित्र आणखीच पालटते. कॅलगरीच्या टेस्की यांच्या गटाने 2016 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की फिटनंतर त्याच भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला ऑक्सिजन तासाहून अधिक काळ धोक्याच्या पातळीखाली राहतो. रॉबर्ट बेंटली टॉड यांनी 1849 मध्ये वर्णन केलेला फिटनंतरचा तात्पुरता लुळेपणा, तसेच गोंधळ आणि वाचा जाणे, यांमागे ही उपासमार असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सायक्लोऑक्सिजनेज-2 रोखणारी औषधे किंवा कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आधी दिल्यास हा ऑक्सिजनचा तुटवडा टळला, हेही त्यांनी नोंदवले. ही औषधे आपल्या कपाटात रोजचीच आहेत. म्हणूनच स्वच्छ सांगतो, उंदरांवरच्या निष्कर्षावरून रुग्णाला ती सुरू करण्याची घाई कुणी करू नये.

तात्पर्य आपल्या रोजच्या कामापुरते एवढेच, की फिटनंतरचा निळा भागही पुरावा असतो, आणि लाल भागाइतकाच मोलाचा असू शकतो. कॅलगरीतच 2017 मध्ये आर्टेरियल स्पिन लेबलिंग वापरून फिटनंतर दीड तासाच्या आत एमआरआय केले गेले, आणि बहुसंख्य रुग्णांत प्रवाह घटलेला भाग दिसला. या पद्धतीत इंजेक्शन लागत नाही, किरणोत्सर्गही नाही. मानेतल्या धमन्यांमधल्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण केली जाते. आपल्याकडच्या बऱ्याच 3 टेस्ला यंत्रांवर हा सिक्वेन्स आहे, पण मागितल्याशिवाय कुणी तो लावत नाही. फिटनंतर एक बाजू लुळी पडलेला रुग्ण रात्री कॅज्युअल्टीत येतो आणि पक्षाघात समजून रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या औषधाची तयारी सुरू होते. अशा वेळी प्रवाहाची घट एका धमनीच्या हद्दीत आहे की हद्द ओलांडून पसरली आहे, हे पाच-सहा मिनिटांच्या या सिक्वेन्समधून कळू शकते. रेडिऑलॉजिस्ट मित्रांनी अपस्मारासाठीच्या प्रोटोकॉलमध्ये तो कायमचा घालावा. फिट संपून किती मिनिटे झाली, हे फॉर्मवर लिहिण्याची जबाबदारी मात्र पाठवणाऱ्या डॉक्टरची.

एफडीजी पेटची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ते ग्लुकोजचा वापर मोजते आणि इंजेक्शननंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाची सरासरी देते, त्यामुळे फिटचा क्षण त्यात पकडता येत नाही. मधल्या काळातली मंदावलेली जागा ते चांगली दाखवते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाल्यापासून ही तपासणी आपल्या आवाक्यात आली. पण त्या अर्ध्या तासात नकळत एखादी छोटी फिट येऊन गेली तर बाजू उलटी दिसते. तेवढा वेळ ईईजी लावून ठेवणे मुळीच अवघड नाही.

आता व्हिडिओ-ईईजीच्या खोलीत येऊ, कारण स्पेक्टची खरी परीक्षा तिथे असते. औषधे कमी केलेला रुग्ण खाटेवर आहे. हातात शीर धरून ठेवलेली, तिला नळी जोडलेली, आणि नळीच्या टोकाला शिशाच्या आवरणातली सिरिंज. सकाळी जनरेटरमधून टेक्निशियम काढले, कुपीत मिसळले. तेव्हापासून त्याची शक्ती घटू लागली आहे. प्रौढाला साधारण 20 मिलिक्युरी द्यायचे असतील, तर तीन तासांनी तेवढ्यासाठी सुमारे दीडपट आणि सहा तासांनी दुप्पट द्रव लागतो. म्हणून सिरिंजला लागूनच वेळ आणि मिलिलिटरचा तक्ता चिकटवलेला हवा. फिट चालू असताना गणित करायला कुणाला फुरसत नसते. स्थिरकारक न मिसळलेले एचएमपीएओ अर्ध्या तासातच वापरावे लागते, ईसीडी काही तास टिकते. नुसती वाट बघण्याच्या या कामाला ईसीडी जास्त सोयीचे.

शेजारच्या खुर्चीवर सिस्टर आणि पायथ्याशी रुग्णाची आई. मॉनिटरवर लय बदलायच्या आधी, मुलाची नजर स्थिरावल्याबरोबर आई म्हणते, “सिस्टर, सुरू झालं.” बहुतेक वेळा तिचेच खरे ठरते, कारण तिने ती नजर वर्षानुवर्षे पाहिलेली असते. सिस्टरने लगेच दट्ट्या पूर्ण दाबायचा, पाठोपाठ सलाईन सोडायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “दिलं!” हा आवाज व्हिडिओत जातो आणि ईईजीवर सेकंद कायमचा कोरला जातो. यासाठी निराळे यंत्र लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित, परवानगी असलेला माणूस खाटेच्या हातभर अंतरावर, आणि नातेवाइकाला आधी समजावून सांगितलेले दोन शब्द. इंजेक्शनसाठी खालच्या मजल्यावरून डॉक्टरला बोलावण्याची पद्धत जिथे आहे तिथे पहिले अर्धे मिनिट जिन्यातच जाते. या सिस्टरांच्या कामाची नोंद आपल्या शोधनिबंधांत क्वचितच होते, याची खंत वाटते.

आपल्याकडे हा आग्रह आणखी एका कारणासाठी हवा. एमआरआयवर एका बाजूला जंताच्या गाठीचे कॅल्शियम झालेले आणि दुसऱ्या बाजूला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस, असे रुग्ण भारतात नेहमी दिसतात. कोणते दोषी, हे रचना बघून ठरत नाही, आणि ईईजीही कधी कधी दोन्हीकडे बोट दाखवतो. वेळेवर दिलेल्या इंजेक्शनच्या चित्रातून मधल्या काळातले चित्र वजा करून उरलेले रुग्णाच्याच एमआरआयवर बसवले, तर अशा पेचात पारडे एका बाजूला झुकू शकते. मेयो क्लिनिकने 1998 मध्ये पुढे आणलेली ही वजाबाकी आता साध्या संगणकावर होते. एम्समधल्या 116 मुलांच्या 2017 च्या चाचणीत वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी 7 टक्के. इतका मोठा फायदा ज्या निर्णयावर अवलंबून आहे, तो बिनवेळेच्या रिपोर्टवर सोपवणे रुग्णावर अन्याय आहे.

पुढील अंकापासून या मासिकाकडे येणाऱ्या इक्टल स्पेक्टच्या प्रत्येक रुग्णवृत्तात तीन वेळा सेकंदांसह असाव्यात: फिटची सुरुवात (लक्षणांवरून आणि ईईजीवरून स्वतंत्र), सलाईन सोडून झाल्याची वेळ आणि फिटचा शेवट. नोंदी नसतील तर वृत्त परत पाठवले जाईल. उशिरा दिलेल्या इंजेक्शनची वृत्तेही पाठवा. साठाव्या, नव्वदाव्या सेकंदाला दिल्यावर काय दिसले आणि शस्त्रक्रियेनंतर ते कितपत खरे ठरले, हे आपल्याच रुग्णांवरून एकत्र मांडायचे आहे. सोबत इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचे किंवा टेक्निशियनचे नाव, त्यांची संमती असल्यास, लेखकांच्या यादीत लिहावे.